मदत हवी आहे: बाबांच्या हळदीच्या कॅप्सूल बंद करू का?

राजारामपुरीकर: अर्जंट आहे. बाबा दीड महिना कर्क्युमिनची (हळदीतला घटक) 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल घेतायत, मिरीच्या अर्कासकट. डब्यावर ‘तारुण्य टिकवा’. गुडघे हलके वाटतात म्हणतात, पण आता त्रास व्हायलाय. बंद करू का?

शिवाजीपेठ: वय? त्रास कसला? बाकी गोळ्या कोणत्या? काहीच न सांगता काय सांगायचं दादा?

सांगलीवाली: कॅप्सूल कशाला? माझ्या सासूबाई 84 च्या, रोज रात्री दुधात चिमूटभर हळद. तीही आमच्या सांगलीची.

औषधवाला_मिरज: ताई, चिमूट वेगळी, कॅप्सूल वेगळी. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, तेही अंगी लागत नाही. म्हणून मिरीतलं पायपरिन घालतात. 1998 च्या बंगळूरच्या प्रयोगात 2 ग्रॅम कर्क्युमिनला 20 मिलिग्रॅम पायपरिनची जोड दिली, तर ते 20 पट शोषलं गेलं. पायपरिनमुळं दुसऱ्या औषधांचं प्रमाणही रक्तात वाढू शकतं.

रानवाटा: अश्वगंधा द्या. मी तीन वर्षं घेतोय, झोप मस्त.

शिवाजीपेठ: विचारलंय काय, सांगताय काय? अश्वगंधेनं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

रानवाटा: मला काही झालं नाही.

तालीमवाला: जुने मल्ल कुठं कॅप्सूल खायचे? आपल्या कोल्हापुरात गंगावेशीत जावा, समोर म्हशीची धार काढून देतात. वर रंकाळ्याला फेरी.

राजारामपुरीकर: बाबा 71. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. हळद घरचीच, तिचा हृदयाशी काय संबंध म्हणून लिहिलं नव्हतं. चार दिवस दात घासताना बेसिनमध्ये रक्त येतंय. दंडावर रुपयाएवढा काळानिळा डाग आहे, मार कुठं लागलेला नाही.

औषधवाला_मिरज: अहो, हे आधी सांगायचं! रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आधीच चालू, त्यात एवढं कर्क्युमिन गेलं तर रक्तस्राव वाढू शकतो. कॅप्सूल आत्ताच थांबवा. स्टेंटच्या गोळ्या मात्र स्वतःहून अजिबात बंद करू नका. आजच डॉक्टरांना दाखवा, डबा सोबत न्या. शौचाला काळी झाली तर थेट इमर्जन्सीत.

सांगलीवाली: भाजीतली हळद?

औषधवाला_मिरज: ती चालेल.

राजारामपुरीकर: बाबा म्हणतात, आयुष्य वाढतंय तर बंद का करू?

शिवाजीपेठ: त्यांना सांगा, अमेरिकेत उंदरांना कर्क्युमिन आणि द्राक्षातलं रेसव्हेराट्रोल देऊन पाहिलं, 2013 ला निकाल छापला. आयुष्य वाढलं नाही. माणसांत तसा पुरावाच नाही.

राजारामपुरीकर: दुपारी तीनची वेळ मिळाली. डबा पिशवीत टाकलाय. बाबा अजून फुरंगटलेत, पण येतायत.