युनियन, मालक आणि सरकार एकत्र बसले की नोकरीतला भेदभाव खरंच कमी होतो का?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी आमच्या युनियनच्या कमिटीवर आहे आणि यंदा फेडरेशनने माझं नाव एका त्रिपक्षीय समितीसाठी दिलंय, म्हणजे आम्ही, मालक संघटनेची माणसं आणि कामगार खात्याचे अधिकारी. भरती, बढती, पगार आणि कामावरून काढणं यात भेदभाव होऊ नये म्हणून मार्गदर्शक तत्त्वं लिहायची असं काम आहे. दोन मीटिंगा झाल्या, दोन्हीत सगळे एकमेकांशी फार गोड बोलले आणि मसुद्यात "शक्यतो", "यथाशक्ती", "प्रोत्साहन द्यावे" असले शब्द भरलेत. आमचे जुने मेंबर म्हणतायत की तू तिथे फोटोपुरती बसतेस, उद्या मालक म्हणेल युनियनची सही आहे ना मग आता तक्रार कसली. मला मात्र वाटतं की एक ओळ जरी आत बसून नीट लिहून घेतली तरी ती पुढे कुणाच्या तरी कामाला येईल. पण नेमकी कुठली ओळ? कशावर अडून बसायचं आणि काय सोडायचं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा.

जुना_कार्यकर्ता
ताई, जागा सोडू नका हे आधी सांगतो. आणि गोड बोलण्याने गोंधळू पण नका. तिघं एका टेबलावर बसले म्हणजे तिघांचं एकच मत असायला हवं असं कुठेच लिहिलेलं नाहीये. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली तेव्हापासून तिच्या परिषदेला प्रत्येक देशाचे ४ प्रतिनिधी जातात, २ सरकारचे, १ मालकांचा, १ कामगारांचा, आणि प्रत्येकाचं मत स्वतंत्र. म्हणजे कामगारांचा प्रतिनिधी आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध मत देऊ शकतो आणि देतोही. सहकार्य म्हणतात ते हेच, भांडण बंद करणं नव्हे तर भांडणाला जागा आणि नियम देणं.

मी अशा एका समितीवर बरीच वर्षं होतो. सगळ्यात जास्त नुकसान आमचं इतिवृत्तात झालं. आम्ही मीटिंगमध्ये तासभर विरोध करायचो आणि कागदावर "सर्वांनी सहमती दर्शवली" असं यायचं! शेवटी आम्ही आक्षेप लेखी देऊन त्याची पोच घ्यायला लागलो तेव्हा कुठे फरक पडला. तर अजेंडा कोण ठरवतं आणि इतिवृत्त कोण लिहितं हे पहिल्यांदा बघा.

अजून एक, मालक टेबलावर का येतात याचा विचार करा. नेदरलँड्समध्ये १९८२ साली वासेनारला जो करार झाला त्यात युनियननी पगारवाढीची मागणी आवरती घेतली आणि मालकांनी कामाचे तास कमी करायला होकार दिला. सही दोघांचीच, पण न जमल्यास सरकार स्वतः पगारात हात घालणार हे दोघांनाही माहीत होतं. सरकार नुसतं खुर्ची मांडून बसलं असतं तर काही झालं नसतं.

एचआरमध्ये_१२_वर्षं
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूची, म्हणून लिहितेय. मी पाहिलेला बहुतेक भेदभाव कुणी ठरवून केलेला नव्हता, सवयीतून होतो तो. अर्जाचा फॉर्म वर्षानुवर्षं तोच, त्यात वय, लग्न झालंय का, मुलं किती, फोटो, सगळं विचारलेलं आणि का विचारतो ते कुणालाच सांगता येत नाही. मग इंटरव्ह्यू घेणारा साहेब म्हणतो "हा आपल्या टीममध्ये बसेल असं वाटत नाही" आणि विषय संपतो. कशात बसत नाही, कुठलं काम येत नाही, काही लिहिलेलं नसतं.

आम्ही एका कंपनीत दोनच गोष्टी बदलल्या, कामासाठी काय काय यायला हवं ते जाहिरातीच्या आधी लिहायचं आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून प्रत्येकाने स्वतंत्र गुण द्यायचे, चर्चा नंतर. सुरुवातीला मॅनेजर लोक वैतागले. पण एका उमेदवाराने का नाकारलं म्हणून लेखी विचारलं तेव्हा आमच्याकडे द्यायला उत्तर होतं, त्यानंतर कुणी कुरकूर केली नाही.

तर ताई, "भेदभाव करू नये" या वाक्यावर तुमची ताकद घालवू नका, त्याला कुठलाच मालक नाही म्हणणार नाही. फॉर्ममध्ये काय विचारायचं नाही, निवडीचे कागद किती दिवस जपायचे, तक्रार कुणाकडे आणि किती दिवसात उत्तर, हे लिहून घ्या. छोट्या मालकांकडे एचआर नसतं, त्यांना तयार नमुना हातात दिला तर ते वापरतात. आणि खरं सांगते, नीट वागणाऱ्या मालकालाही हे नियम हवे असतात कारण शेजारचा पळवाटा काढून स्वस्तात माल देतो तेव्हा मार यालाच बसतो.

सावली
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितेय. मला एका इंटरव्ह्यूत विचारलं होतं, लग्नाला दीड वर्ष झालं ना, मग पुढचं काय प्लॅनिंग. मी खरं सांगितलं. काम येत होतं, टेस्टमध्ये पहिली होते, तरी पुढे फोन आलाच नाही. तक्रार कुणाकडे करणार होते मी? युनियनकडे जायचं तर मी मेंबर नाही, कंपनीची तक्रार पेटी आतल्या लोकांसाठी, आणि खात्यात विचारलं तर म्हणाले तुमचा आणि त्यांचा करारच झालेला नाही. तुम्ही सगळे ज्या टेबलाबद्दल बोलताय तिथे मालक आहे, नोकरीत असलेला कामगार आहे, पण दारातून परत पाठवलेली बाई कुठे आहे? राग नाही ताई तुमच्यावर, पण हे विचारा तिथे प्लीज.

कलमवाचक
सावली यांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. पगाराचं भांडण युनियन आणि मालक दोघांत सुटू शकतं कारण दोघांचीही माणसं आत असतात. भरतीतला अन्याय ज्याच्यावर होतो तो अजून कुणाचाच नसतो, म्हणूनच तिथे तिसरा पक्ष, सरकार लागतं.

आधार हवा असेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन करार वाचा. १९५८ चा १११ क्रमांकाचा, त्यात वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ अशी ७ कारणं आहेत, नोकरी मिळण्याच्या टप्प्यालाही तो लागू आहे आणि कामासाठी खरोखर गरजेची अट असेल तर तो भेदभाव धरत नाहीत. वय किंवा अपंगत्व त्या यादीत नाही, पण मालक-कामगार संघटनांशी सल्लामसलत करून देशाला यादी वाढवता येते, म्हणजे अशा समित्यांना तिथेच काम दिलंय. दुसरा २०१९ चा १९० क्रमांकाचा, कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाबद्दल, त्यात नोकरी शोधणारे आणि अर्जदार असे शब्द स्पष्ट आहेत. तुमच्या मसुद्यात "कामगार" ची व्याख्या करताना हाच धागा पकडा.

आणि "नुसती मार्गदर्शक तत्त्वं काय कामाची" म्हणणाऱ्यांना सिंगापूर दाखवा. तिथे २००० च्या दशकापासून तिन्ही पक्षांची तत्त्वं होती, मोडली तर परदेशी कामगारांच्या परवान्यांवर गदा यायची. २०२१ मध्ये तिघांचीच समिती बसली आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदा पास झाला, त्यात तक्रार करणाऱ्यावर सूड घ्यायला बंदी आहे. त्रुटी पण बघा, २५ पेक्षा कमी माणसं असलेले मालक सध्या त्यातून वगळलेत. इतकी वर्षं लागणं हे काही कौतुकाचं नाही, म्हणून तुमच्या मसुद्यात फेरविचाराची तारीख आत्ताच टाकून घ्या, ती नसेल तर तत्त्वं तशीच पडून राहतात.

जुना_कार्यकर्ता
तारखेचं बरोबर. आयर्लंडमध्ये १९८७ पासून सरकार, मालक आणि युनियन यांचे करार एकामागून एक होत गेले आणि मंदी आल्यावर २००९ मध्ये ती घडी मोडली. चांगल्या दिवसातली मैत्री वाईट दिवसात टिकेल असं धरून चालू नका, जे मिळेल ते कागदावर घ्या. आणि सावलीताई, आमच्या युनियननेही कित्येक वर्षं कंत्राटी पोरांना मेंबर करून घेतलं नव्हतं. चूक होती ती आमची.

रात्रपाळी
सगळ्यांचे मनापासून आभार. सावली, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. आमच्या मसुद्यात "अर्जदार" हा शब्द एकदाही नाहीये, आत्ता शोधून बघितलं. पुढच्या मीटिंगला व्याख्येत तो घालायचा, तक्रारीची मुदत आणि सूडाला बंदी, या तीन गोष्टींवर मी अडून बसणार, "शक्यतो" वगैरे बाकी ठिकाणी राहिलं तरी चालेल. आक्षेप लेखी देणार. @एचआरमध्ये_१२_वर्षं, तुमच्याकडचा तो बदललेला फॉर्म मिळेल का, कंपनीचं नाव काढून? नमुना म्हणून टेबलावर ठेवते.

एचआरमध्ये_१२_वर्षं
हो, गुणांचा तक्ता पण देते. व्यनि (खासगी निरोप) बघा.