दातकिडीवर नाकातून लस: पुण्यात काम व्हावं का?

लसपक्ष, हडपसर
स्वाइन फ्लूची नाकातून द्यायची लस सिरमने 2010 मध्ये इथेच आणली. मग दातकिडीची लसही पुण्यात का होऊ नये? दात किडवणारा जिवाणू स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स दाताला चिकटतो त्यात त्याच्या अंगावरच्या पीएसी या प्रथिनाचा मोठा हात. हे प्रथिन नाकातून दिलं की लाळेत आयजीए, म्हणजे ओल्या अस्तरांवर पहारा देणारं प्रतिपिंड, उतरतं. दंडात टोचून रक्तातलं प्रतिपिंड आयजीजी वाढतं, लाळेत आयजीए फारसं नाही. वूहानच्या संशोधकांनी पीएसीला फ्लॅजेलिन (जिवाणूच्या शेपटीतलं, प्रतिकारशक्तीला जागं करणारं प्रथिन) जोडून उंदरांच्या नाकात घातलं, तेव्हा कीड कमी पडली.

दंतवैद्य, कोथरूड
उंदरांपुढे गाडी अडते त्याला कारण आहे. नुसतं प्रथिन नाकातली लव पंधरा-वीस मिनिटांत घशाकडे ढकलून देते. म्हणून जोडीला प्रतिसाद वाढवणारं द्रव्य लागतं, आणि धोका तिथेच. स्वित्झर्लंडमध्ये 2000-01 च्या हंगामात नाकातल्या फ्लूच्या लशीत ई. कोलाय या जिवाणूचं विष त्यासाठी घातलं होतं. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडल्याच्या तक्रारी वाढल्या आणि लस मागे घ्यावी लागली. धडधाकट तान्ह्या मुलाला हे कशाला? शिवाय म्यूटन्स गेला तरी लॅक्टोबॅसिलस हा दुसरा जिवाणू आम्ल करतोच; पीएच 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं कडक कवच, विरघळायला लागतं.

लसपक्ष, हडपसर
ते विष मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड या स्निग्ध रेणूला चिकटतं. फ्लॅजेलिनची वाट वेगळी, टीएलआर-5 ची, म्हणजे जिवाणू ओळखणाऱ्या पेशींवरच्या खुणेची. दोन्ही एका मापाने मोजू नका. म्यूटन्स बहुतेक मुलांत 19 ते 31 महिन्यांच्या दरम्यान ठाण मांडतो. त्याआधी दोन थेंब गेले तर उपयोग.

अंगणवाडीवाली, येरवडा
तोवर पोरांचे दात थांबणार आहेत का? 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश आज हाताशी आहे. दात कापसाने पुसायचे, ब्रशने पातळ थर द्यायचा. दुधाच्या सगळ्या दातांना पाव मिलिलिटर पुरतं. त्या दिवशी कडक काही चावायला द्यायचं नाही, दात दुसऱ्या सकाळी घासायचे. फसतं ते दुसऱ्या फेरीत: सहा महिन्यांनी कोणी फिरकत नाही. आणि पेस्टच्या ट्यूबवरचा आकडा वाचा. फ्लोराइड 1000 पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) हवं, मुलांच्या कित्येक पेस्टमध्ये 500 च असतं. तिनाच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट.

लसपक्ष, हडपसर
दुसरी फेरी चुकते, हाच तर लशीच्या बाजूचा मुद्दा!

दंतवैद्य, कोथरूड
लाळेतलं आयजीए हळूहळू उतरतं, मग लशीलाही बूस्टर लागणार. त्या फेरीला कोण जाणार, तेवढं सांगा.