क्लासिक रॉक ऐकणाऱ्याने जॅझकडे कोणत्या अल्बमपासून वळावे?

प्रश्न

माझे ऐकणे गेली अनेक वर्षे प्रामुख्याने १९६५ ते १९८० या काळातील रॉकभोवती फिरत आले आहे. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३), लेड झेपेलिनचा चौथा अल्बम (१९७१), डोअर्सचा पहिला अल्बम (१९६७) आणि ऑलमन ब्रदर्स बँडचा ‘ॲट फिलमोर ईस्ट’ (१९७१) हे मला जवळजवळ तोंडपाठ आहेत. मी अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकतो आणि तो कसा घडला हे समजून घेण्याची मला मनापासून आवड आहे. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी जॉन बॉनमचे ड्रम जुन्या वाड्याच्या जिन्याखाली मांडून मायक्रोफोन वरच्या मजल्यांवरून टांगले होते, हे वाचल्यानंतर त्या ठेक्यातील घुमारा मला अधिकच स्पष्ट ऐकू येऊ लागला.

जॅझच्या बाबतीत मात्र असे काही हाती लागत नाही. सुरुवातीची धून आवडते, परंतु ती संपून एकेक वादक आपले वादन सुरू करू लागला की सूत सुटते. ट्रम्पेट थांबून सॅक्सोफोन सुरू झाला एवढे कळते. तो वादक कशाच्या आधाराने वाजवत आहे आणि त्याचे वादन नेमके तिथेच का संपले, हे मात्र उमगत नाही. ‘सर्वश्रेष्ठ शंभर अल्बम’ अशा याद्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांचा मला उपयोग झालेला नाही. तुमच्या आवडीचे दोन-तीनच अल्बम सुचवावेत आणि त्यांत काय ऐकायचे हेही सांगावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद १

तुमचा प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. धून संपल्यानंतरही तिचा सांगाडा चालूच असतो, ही एक गोष्ट कानात बसली की बाकीचे पुष्कळसे आपोआप उलगडत जाते. जॅझच्या बहुसंख्य ध्वनिमुद्रणांत आरंभी धून वाजते, मग त्याच धूनेच्या लांबीची आणि त्याच कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची) आवर्तने एकामागून एक चालू राहतात, त्यांवर प्रत्येक वादक आपापली रचना तिथल्या तिथे करतो आणि शेवटी सर्वजण मिळून मूळ धूनेवर परततात.

हे ऐकण्यासाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) इतका मोकळा अल्बम मला दुसरा माहीत नाही. सर्वजण तोच सुचवतात म्हणून तो टाळू नका. त्यातील पहिली रचना ‘सो व्हॉट’ घ्या. पियानो आणि बास यांच्या संथ, ठेका नसलेल्या प्रस्तावनेनंतर पॉल चेंबर्स बासवर धून वाजवतो आणि तिच्या प्रत्येक वळणाला इतर वाद्ये दोन कॉर्डचे उत्तर देतात. एकूण आवर्तन चार-चार मात्रांच्या ३२ खंडांचे आहे. पहिले १६ खंड एकाच स्वरपट्टीत जातात, पुढचे ८ अर्ध्या स्वराने वर चढतात आणि उरलेले ८ पुन्हा मूळ जागी येतात. ती चढण आणि ती उतरण ओळखता येणे, एवढेच पहिल्या बैठकीचे काम समजा. सुमारे दीड मिनिटावर जिमी कॉबच्या झांजेवर एक मोठा आघात होतो आणि माइल्सचे सोलो वादन सुरू होते. तेथून बोटांवर खंड मोजायला लागा. माइल्स, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली हे तिघेही प्रत्येकी दोन आवर्तने वाजवतात आणि त्यानंतर बिल इव्हान्स पियानोवर एक आवर्तन घेतो.

एवढे मोजता आले की तीच चढण प्रत्येक वादक कशी निराळी हाताळतो, हे जाणवू लागते. माइल्स मोजके स्वर वाजवून मध्ये जागा मोकळी सोडतो, कोल्ट्रेन त्याच जागा भरून काढत वर सरकतो, तर ॲडर्लीच्या वादनात ब्लूजचा लडिवाळपणा सतत डोकावतो. हे सहा वादक दोन दिवसांत, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जमले होते. (‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एका रचनेत मात्र पियानोवर इव्हान्सच्या जागी विंटन केली आहे. दोघांच्या हातांतील फरक ऐकण्यासाठी तेवढ्यासाठीही ती रचना पुन्हा ऐकावी.)

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी पूर्णतः सहमत आहे, परंतु तुमच्या स्वतःच्या यादीतच जॅझ किती मुरलेला आहे याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. पिंक फ्लॉइडच्या रिचर्ड राइटने ‘ब्रीद’ या गाण्यातील एक कॉर्ड आपण ‘काइंड ऑफ ब्लू’वरून घेतल्याचे सांगितले होते. डोअर्सच्या ‘लाइट माय फायर’च्या मधल्या लांब वादनात रे मँझारेक आणि रॉबी क्रीगर ज्या दोन कॉर्डवर खेळतात, त्यांमागे कोल्ट्रेनच्या ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ची प्रेरणा आहे. रेडिओसाठी काढलेल्या छोट्या आवृत्तीत नेमका तोच भाग कापून टाकला होता. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ नावाचा कोल्ट्रेनचा अल्बम १९६१ चा आहे. तो आधी आणि डोअर्स नंतर असे लागोपाठ ऐकून पाहा.

सर्वांत महत्त्वाचा दुवा मात्र ‘ॲट फिलमोर ईस्ट’चा आहे. ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही डिकी बेट्सची रचना तुम्ही तोंडपाठ म्हणता, तर मग जॅझचा साचाही तुम्हाला ठाऊक आहेच. आरंभी दोन गिटारींची जोडधून, मग बेट्सचे वादन, मग ऑर्गन, मग ड्वेन ऑलमन, त्यानंतर ड्रम आणि शेवटी पुन्हा धून, अशी तिची मांडणी आहे. ड्वेन ऑलमन आपल्या वादनाचे श्रेय माइल्स आणि कोल्ट्रेन यांना, विशेषतः ‘काइंड ऑफ ब्लू’ला, मोकळेपणाने देत असे. या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचा निर्माता टॉम डाउड हा कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’चे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांपैकी एक होता, हे कळल्यावर त्या अल्बममध्ये प्रत्येक वाद्य इतके सुटे आणि स्वच्छ का ऐकू येते, याचा उलगडा होतो. जो माणूस एका सॅक्सोफोनभोवतीची हवा पकडायला शिकला होता, त्याला दोन गिटारी आणि दोन ड्रमसंच एकमेकांवर न आदळता मांडणे साधले.

आता दोन सूचना. पहिली, व्हॅन मॉरिसनचा ‘ॲस्ट्रल वीक्स’ (१९६८). गायक रॉकमधला आहे, परंतु साथीला बासवर रिचर्ड डेव्हिस, ड्रमवर मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा कॉनी के आणि गिटारवर जे बर्लिनर असे मुरलेले जॅझ वादक आहेत. त्यांना लिहिलेली स्वरलिपी दिलेली नव्हती. गायकाचा शब्द कोठे रेंगाळतो आणि कोठे धावतो हे ऐकत ते वाजवत गेले. तुम्ही पहिल्यांदा शब्द ऐका, दुसऱ्यांदा शब्द सोडून देऊन केवळ डेव्हिसच्या बासचा माग घ्या. गाण्याला दिशा तोच देत आहे, असे दुसऱ्या खेपेला वाटू लागेल.

दुसरी सूचना स्टीली डॅनचा ‘एजा’ (१९७७). त्याच्या शीर्षकगीतात वेन शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन आणि स्टीव्ह गॅडचे ड्रम एकमेकांना भिडतात तो भाग मी कितीही वेळा ऐकला तरी समाधान होत नाही. घोटीव, आखीवरेखीव गाण्याच्या मधोमध दोन माणसे अचानक मोकळी सुटतात आणि तरीही गाण्याची चौकट मोडत नाही.

रॉकच्या श्रोत्यांना हमखास ‘बिचेस ब्रू’ (१९७०) सुचवला जातो. तो थोर अल्बम आहे, पण त्याने सुरुवात करू नये असे माझे ठाम मत आहे. त्यात इतके वादक एकाच वेळी बोलत असतात की तुमची मूळ अडचण वाढेल. माइल्सचे विजेच्या वाद्यांचे पर्व ऐकायचे असेल, तर त्याआधीचा ‘इन अ सायलेंट वे’ (१९६९) घ्या. ड्रमवादक टोनी विल्यम्स पहिली बाजू बहुतांशी एकसारख्या ठेक्यावर तोलून धरतो, जॉन मॅकलॉक्लिनची गिटार अतिशय हळुवार आहे आणि निर्माता टिओ मासेरोने दुसऱ्या बाजूचा सुरुवातीचा भाग टेप जोडून शेवटी जसाच्या तसा पुन्हा वापरला आहे. वादनाइतकीच कात्री आणि टेप यांचीही ही निर्मिती आहे. पिंक फ्लॉइड आवडणाऱ्याला ती परकी वाटणार नाही.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे निराळे आहे. जॅझला रॉकच्या दारातूनच प्रवेश करावा, असा सूर वरील प्रतिसादांतून उमटतो आणि तो मला पटत नाही. दोघांचे मूळ ब्लूज आणि चर्चमधील सामूहिक गायनात आहे. मग थेट तेथूनच का सुरुवात करू नये? रॉकमध्ये त्याचा अंश शोधत बसलो, तर जॅझमध्ये जे रॉकसारखे आहे तेवढेच आवडते आणि जे स्वतंत्र आहे ते बाजूला राहते.

म्हणून मी बासवादक चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह अम’ (१९५९) सुचवतो. ‘बेटर गिट इट इन युअर सोल’ या पहिल्याच रचनेत टाळ्या, आरोळ्या आणि मिंगसच्या हाका ऐकू येतात. येथे सूत सुटण्याची भीतीच नाही, कारण सर्वजण एकाच आवेगात पुढे जात असतात. त्यानंतरची ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना वाहिलेली श्रद्धांजली आहे. त्यांचे निधन मार्च १९५९ मध्ये झाले आणि मिंगसने त्याच वर्षी ही रचना ध्वनिमुद्रित केली. बारा खंडांचे ब्लूजचे आवर्तन तिच्या तळाशी आहे, पण कॉर्ड इतक्या गडद रंगांच्या आहेत की तो साचा चटकन लक्षात येत नाही. जॉन हँडी टेनर सॅक्सोफोनवर एका जागी जिभेने स्वर थरथरवतो, ती जागा मला या सबंध अल्बमचा प्राण वाटते. (जेफ बेकने हीच रचना १९७६ च्या ‘वायर्ड’मध्ये गिटारवर वाजवली आहे, त्यामुळे तुमच्या कानांना ती धून आधीच परिचित असू शकेल.) मूळ तबकडीसाठी यातील काही रचना कापून लहान केल्या होत्या, नंतरच्या काही आवृत्त्यांत ते भाग परत जोडले आहेत. शक्य असल्यास पूर्ण आवृत्ती मिळवावी.

ज्यांना वाद्यवादनात चटकन रमता येत नाही त्यांनी ‘एला अँड लुई’ (१९५६) जरूर ऐकावा. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग हे दोघेही गाण्याची ओळ ठेक्याच्या किंचित मागेपुढे कशी ठेवतात, हे शब्दांमुळे सहज कळते आणि तेच कसब पुढे ट्रम्पेटवर ओळखता येते.

प्रतिसाद ४

मी एकच अल्बम सुचवतो: बिल इव्हान्सच्या त्रयीचा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. हे ध्वनिमुद्रण २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये श्रोत्यांसमोर झाले. ग्लासांची किणकिण आणि कुजबुज स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे आपण त्या खोलीच्या एका टेबलाशी बसलो आहोत असे वाटते. स्कॉट लफारोचा बास येथे साथ करत नाही, संवाद करतो. पियानोने सोडलेले वाक्य तो पूर्ण करतो आणि कधी मध्येच स्वतःचे मांडतो. त्यानंतर अकराच दिवसांनी मोटार अपघातात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. हेडफोन लावूनच ऐकावा, कारण छोट्या स्पीकरवर बास हरवतो आणि मग या अल्बमचा निम्मा आशय हरवतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘सो व्हॉट’ खंड मोजत ऐकले. पहिल्या प्रयत्नात कोल्ट्रेनच्या वादनात मोजणी विस्कटली, पण बासकडे कान देऊन ती अर्ध्या स्वराची चढण पुन्हा सापडली आणि ॲडर्ली नेमका आवर्तनाच्या आरंभी प्रवेश करतो हे प्रथमच कळले. ‘एलिझाबेथ रीड’विषयीचा मुद्दाही तंतोतंत पटला. मिंगसच्या अल्बममधील आरोळ्यांनी तर मला पहिल्याच मिनिटात आपलेसे केले, त्यामुळे तिसऱ्या प्रतिसादातील मतभेदाचे मी स्वागतच करतो.

दोन शंका उरतात. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या अनेक आवृत्त्या दिसतात, त्यांतील कोणती घ्यावी? आणि कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’कडे आताच वळावे की थांबावे?

प्रतिसाद १ चे पुनरुत्तर

आवृत्तीचा प्रश्न या अल्बमबाबत खरोखरच महत्त्वाचा आहे. २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित मंद गतीने चालत होते, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना अनेक दशके मुळापेक्षा थोड्या चढ्या सुरात विकल्या गेल्या. दुसऱ्या यंत्रावर केलेली राखीव टेप योग्य गतीची होती आणि तिच्या आधारे १९९० च्या दशकातील नव्या आवृत्त्यांत ही चूक दुरुस्त झाली. त्यानंतरची कोणतीही अधिकृत आवृत्ती घ्या. सोबत वाद्य घेऊन वाजवून पाहणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

‘अ लव्ह सुप्रीम’साठी थांबण्याचे कारण नाही. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि त्याचे चार भाग मिळून एकच प्रार्थना होते. पहिल्या भागात जिमी गॅरिसन बासवर चार स्वरांची एक आकृती वाजवतो. पुढे कोल्ट्रेन तीच आकृती सॅक्सोफोनवर बाराही स्वरांवरून फिरवतो आणि अखेर तिच्यावर अल्बमचे नाव कंठाने उच्चारले जाते. ती आकृती धरून ठेवलीत, तर पहिला भाग तुमच्या हातातून सुटणार नाही. चौथ्या भागात नियमित ठेका नाही. कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना अल्बमच्या वेष्टनात छापलेली आहे आणि या भागात तो तिचेच शब्द, एकेक अक्षर तोलत, सॅक्सोफोनवर म्हणतो. म्हणून तो भाग छापील मजकूर समोर ठेवून ऐका. त्यानंतर कार्लोस सँटाना आणि जॉन मॅकलॉक्लिन यांचा १९७३ चा ‘लव्ह डिव्होशन सरेंडर’ लावा. त्याची सुरुवातच ‘अ लव्ह सुप्रीम’ने होते आणि तेच चार स्वर तुमच्या परिचयाच्या गिटारींवर ऐकायला मिळतात.