दहाव्याची लिंक

तिरफळ:
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, ‘करोनाने एक बरं केलं, उगाचची पाहुणेगर्दी संपली. आता दहाव्यालासुद्धा लिंक पुरते.’ वाचून तिडीक गेली. गेल्या महिन्यात आमच्या काकांचं दहावं झालं. घाटावर आम्ही नऊ, लिंकवर तेहेतीस. कावळा शिवायला तयार नाही, आम्ही हात जोडून उभे, आणि मोबाइलमधून कुकरच्या शिट्ट्या! मग कोणीतरी, ‘अगं, चार झाल्या, बंद कर.’ २०२० मध्ये अंत्यविधीला वीसच माणसं चालायची, तेव्हा नाइलाज होता. ती अट कधीच गेली, बूड मात्र सोफ्यावरून हललेलं नाही.

चतकोर:
लिंकला नावं ठेवू नका. मे २०२१ मध्ये माझी आई हृदयविकाराने गेली. भाऊ न्यू जर्सीत, व्हिसावर. तेव्हा अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना दार लावलेलं. तो आला असता, पण परत बायकापोरांकडे कधी जाणार? मी मोबाइल धरून उभी होते. तो म्हणाला, ‘ताई, जरा खाली धर, पाय दिसू देत.’ तिकडे फरशीवर डोकं टेकलं त्याने. तुमचा कुकर ठेवा बाजूला.

तिरफळ:
ताई, तुमच्या भावाला कोण बोलतंय? माझे तेहेतीस जण न्यू जर्सीत नव्हते, सिंहगड रोडला होते.

कंटाळलेला जावई:
एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपने ग्रुप कॉल चारावरून आठ जणांचा केला. आम्ही चुलत भावंडं कित्येक वर्षांनी एकत्र बोललो. भावंडं नऊ. नववा अजून आमच्याशी बोलत नाही.

सड्यावरचा:
माणसं तुटली म्हणून करोनाला कशाला शिव्या? आतलं होतं ते बाहेर आलं, एवढंच. २०२० च्या गणपतीला गावी गेलो. सरकारने चौदा दिवसांचं विलगीकरण दहावर आणलेलं, पण वाडीचा कायदा वेगळा. चौदा दिवस शाळेत, पोरांच्या बाकांवर झोपलो. सख्खी चुलती पेज आणून गडग्यावर ठेवायची आणि लांबून ओरडायची, ‘भांडा धुवन ठेव रे!’ आणि तो ई-पास! स्वतःच्या गाडीला हवा, एसटीला नको. करोना काय एसटीत चढत नव्हता?

वाडीकर:
आले चाकरमानी! आमचं आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर, आणि वाडीत सगळी सत्तरीच्या पुढची. वर्षभर फोन नाही, आणि मुंबईत आजार वाढल्यावर गाव आठवलं. म्हातारीने रोज पेज दिली ना? की बटाटेवडे हवे होते?

सड्यावरचा:
पेजेवर जाऊ नका. फोन नाही म्हणता, त्या घराचं लाइटबिल कोण भरतं?

वाडीकर:
बिल भरलं म्हणजे नातं झालं? मग वायरमनलाच मामा म्हणा.

चतकोर:
विषय दहाव्याचा होता ना?

सड्यावरचा:
विषय माणुसकीचा होता. माझ्याच गावात माझ्या नावाने पाटी लावली होती, ‘बाहेरच्यांना बंदी.’

वाडीकर:
पाटीवर तुमचं नाव नव्हतं, उगाच भाव खाऊ नका. तरी पाटी वाईट होती, हे कबूल. मीच रंगवली. रंगही घरचाच, गणपतीच्या मखराचा उरलेला.

तिरफळ:
धागा मी काढला, पेज तुम्ही प्या. चतकोरताई, पाय दाखवायला धरलेला मोबाइल आणि कुकर लावून टेकवलेला मोबाइल, यांत फरक आहे. एवढंच म्हणायचं होतं.

चतकोर:
मग पहिल्याच झटक्यात तसं लिहायचं होतं.

वाडीकर:
सड्यावरचे, एक राहिलंच. भांडं धुवून ठेवायचात का?

सड्यावरचा:
रोज. राखेने.