नेटवर्क हा विषय सगळ्या शाखांना एकाच वर्गात शिकवावा का?

गणिताचे मास्तर

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यावा लागतो. त्यासाठी मी आमच्या कॉलेजात ‘नेटवर्कचा अभ्यास’ हा विषय सुचवला. नेटवर्क म्हणजे कुठलंही जाळं: ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, मग ती माणसं असोत, वीजवाहिन्या असोत की पेशी. कला, वाणिज्य, विज्ञान, सगळे एकाच बाकावर. स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडले, म्हणून इथे विचारतो.

१७३६ साली गणितज्ञ ऑयलरने क्योनिग्सबर्ग या गावातल्या सात पुलांचं कोडं सोडवलं. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून गावाची फेरी पुरी करता येत नाही, हे दाखवताना त्याने नदी, रस्ते, अंतरं सगळं वगळलं आणि चार ठिपके व सात रेषा एवढंच ठेवलं. १९९८ मध्ये वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ या संशोधकांनी तीन जाळी शेजारीशेजारी मांडली: एकत्र काम केलेले सिनेनट, पश्चिम अमेरिकेचं वीजजाळं आणि एका बारीक कृमीच्या चेतापेशी. तिन्हींत एकच गोष्ट दिसली. घट्ट घोळके आहेत, तरी कुठूनही कुठेही जाळ्याच्या आकाराच्या मानाने थोड्याच पायऱ्यांत पोचता येतं. हे बघून मुलांचे डोळे उघडतात, मी वर्गात पाहिलंय.

आणि शाखांमधल्या भिंतींची किंमत बघा. ज्याच्याकडे आधीच जास्त जोडण्या, त्यालाच नव्या मिळत जातात, हा नियम डेरेक प्राइस या विज्ञानाच्या इतिहासकाराने १९७६ मध्ये शोधनिबंधांच्या संदर्भांवरून गणितात मांडला होता. भौतिकशास्त्राकडून आलेल्या बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी १९९९ मध्ये तोच नियम नव्याने शोधला. २३ वर्षं! दोघं एका वर्गात शिकले असते तर?

सोलापूरचा वीजवाला

सर, विषय चांगलाच आहे. माझा विरोध एकत्र शिकवण्याला आहे. माझी नोकरी सबस्टेशनांत गेली, म्हणून तिथलंच सांगतो.

३० जुलै २०१२, पहाटे अडीचचा सुमार. बीना–ग्वाल्हेर ४०० केव्हीची (किलोव्होल्ट) एक लाइन चालू, जोडीची दुसरी ७६५ केव्हीच्या कामासाठी बंद. चालू लाइनवर लोड चढत गेला, करंट वाढला, व्होल्टेज खाली आलं. रिलेने, म्हणजे बिघाड दिसला की लाइन तोडणाऱ्या उपकरणाने, ते लांबवरचा फॉल्ट म्हणून वाचलं. फॉल्ट कुठेच नव्हता. लाइन ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, आणि या खेपेला पूर्व आणि ईशान्यही गेलं. सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली. आपलं पश्चिम आणि दक्षिण ग्रिड तेवढं तगलं.

हे तुमच्या ठिपक्या-रेषांत कुठे दिसतं? जाळ्यात महत्त्वाचा कोण, हे तुम्ही ‘जवळच्या वाटा कोणावरून जातात’ असं मोजता. वीज जवळची वाट धरतच नाही. जेवढ्या वाटा असतील तेवढ्यांतून इम्पीडन्सच्या, म्हणजे त्या वाटेवरच्या अडथळ्याच्या, हिशोबाने वाटून जाते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाइन जोडली, तेव्हा नकाशावर एक रेषा वाढली, पण दक्षिण ग्रिड बाकी देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर आलं. त्या रेषेचं वजन ज्याला कळत नाही, त्याच्या हातात हे जाळं देऊ नका.

गावोगाव

मी समाजशास्त्रात संशोधन करते. वीजवाले काका म्हणतात ते माझ्याकडेही खरं आहे, वेगळ्या कारणाने.

एका गावात देण्याघेण्याचं जाळं काढायचं होतं. फॉर्मवर प्रश्न होता, ‘अडचणीला पैसे कोणाकडे मागता? तीन नावं सांगा.’ एका बाईंनी भाऊ, जाऊ आणि बचत गटाच्या अध्यक्षा अशी तीन नावं दिली. मी फाइल मिटली. चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, “आणि दुकानदार आहेच की. त्याचं काय सांगायचं, तो वहीत मांडतो.” माझ्या नकाशात त्या दुकानदाराला एकही रेषा नव्हती, आणि अख्खी आळी त्याची देणेकरी होती.

त्याच गावात भावकीतली दोन घरं बांधावरून बोलत नाहीत. विहीर मात्र सामाईक, मोटर एकच, बाऱ्या ठरलेल्या. यांच्यात रेषा काढू की नको? हे सॉफ्टवेअर सांगत नाही. तिथे महिनाभर राहावं लागतं.

मिलग्रॅमच्या पत्रांचंही तसंच. या मानसशास्त्रज्ञाने लोकांना एका अनोळखी माणसापर्यंत पत्र फक्त ओळखीच्यांच्या हातून पोचवायला सांगितलं होतं. ‘जगात सगळे सहा पावलांवर’ हे सगळ्यांना पाठ असतं. १९६९ च्या निबंधात २९६ जणांपासून सुरुवात झाली आणि ६४ पत्रं पोचली. मधल्या माणसांची सरासरी त्या पोचलेल्या पत्रांची आहे. न पोचलेल्यांबद्दल कोणी विचारत नाही, आणि मला तर तीच माणसं हवी आहेत.

प्राणिशास्त्र, तिसरं वर्ष

मास्तरांच्या कृमीबद्दल. त्याच्या ३०२ चेतापेशींची जोडणी १९८६ मध्येच छापून आली. तरी तो पुढे काय करेल हे नुसत्या त्या नकाशावरून सांगता येत नाही, कारण काही संदेश पेशी एकमेकींना न टेकताच, रसायनं पसरवून देतात. म्हणजे दुकानदार तिथेही आहे. पण मला हा विषय मिळाला तर मी घेईन. असं बोलायला आमच्या शाखेत कोणी नाही.

गणिताचे मास्तर

वीजवाले, तुमचा मुद्दा खराच आहे, आणि तोच माझ्या बाजूने जातो. गावातली बातमी तरी कुठे जवळची वाट धरते? म्हणून न्यूमन या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये समाजाच्या जाळ्यांसाठी वेगळं माप काढलं. प्रत्येक रेषा म्हणजे एकेक रोधक (रेझिस्टर) धरायचा, करंट सोडायचा, आणि कोणातून किती जातो ते बघायचं. करंट कसा वाटला जातो ते सांगणारे तुमच्या किरचॉफचे नियम घेऊन तो पारावरच्या गप्पा मोजतोय. वेगवेगळ्या इमारतींत बसून हे सुचलं नसतं.

ताईंचं ऐकून पहिला भाग बदलतो. पहिले तीन आठवडे कॉम्प्युटर बंद. प्रत्येकाने एक जाळं हाताने काढायचं आणि रेषा कशाची ते लिहून द्यायचं.

सोलापूरचा वीजवाला

न्यूमनचं माहीत नव्हतं. वाचतो. तरी रेषेला रोधक मानणं वेगळं आणि रात्री अडीचला कोणती लाइन सोडायची हे ठरवणं वेगळं. ते एका सेमिस्टरमध्ये येत नाही, माझं मत तेच आहे.

गावोगाव

तीन आठवडे चालतील. पण फॉर्मवर ‘तीन नावं’ घालू नका. रकाने मोकळे ठेवा, आणि मुलांना सांगा, फाइल मिटल्यावरही चहा संपेपर्यंत उठायचं नाही.