शब्दचर्चा: ‘कॉन्जेनिक’ उंदराला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी: टाइप १ मधुमेहावरच्या एका अनुवादात ‘कॉन्जेनिक एनओडी माइस’साठी ‘जन्मजात मधुमेही उंदीर’ असं छापलंय. ‘जन्मजात’ खटकतंय. नेमका अर्थ काय?

श्रीरंग: खटकायलाच हवं. जन्मजात म्हणजे कॉन्जेनिटल, हा शब्द वेगळा. शिवाय एनओडी म्हणजे ‘लठ्ठ नसलेला मधुमेही’ हा उंदरांचा वाण; त्याचं पिल्लू जन्मतः धडधाकट असतं. ३-४ आठवड्यांपासून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांभोवती पांढऱ्या पेशी जमू लागतात आणि साखर चढते ती साधारण १२ आठवड्यांनंतर. ३० आठवड्यांपर्यंत ६० ते ८० टक्के माद्यांना मधुमेह होतो, नरांना बराच कमी. हा वाण जपानमध्ये शिओनोगीच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९८० साली जगापुढे आला.

अनघा: कॉन्जेनिक म्हणजे एका वाणाच्या जनुकसंचात दुसऱ्या वाणाचा ठरावीक गुणसूत्रखंड बसवलेला वाण. इथे मधुमेह न होणारा बी६ हा उंदरांचा वाण दाता आणि एनओडी हा ग्राहक. दोघांच्या संकराची पिल्लं पुन्हा एनओडीशी जुळवायची, प्रत्येक वेतात शेपटीच्या किंवा कानाच्या तुकड्यातून डीएनए काढून पीसीआरने बी६चा खंड आहे का ते पाहायचं (निम्म्या पिल्लांतच असतो), आणि त्यांनाच पुढच्या जुळणीला घ्यायचं. पहिला संकर धरून दहाव्या पिढीला बाकीचा जनुकसंच ९९.९ टक्के एनओडीचा होतो. मग खंड असलेल्या भावंडांची जुळणी. त्यांच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा दोन्ही गुणसूत्रांवर बी६चा खंड घेऊन येतो. वाण त्यांच्यापासून टिकवतात. सगळ्या गुणसूत्रांवर दोन वाणांतला फरक दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणा तपासून पिल्लं निवडली तर पाच पिढ्याही पुरतात.

खंडाच्या दोन्ही टोकांना खूण हवी. एकच खूण पाहिली तर पलीकडचा भाग गुणसूत्रांच्या अदलाबदलीत निसटतो आणि कळतही नाही. मधल्या एखाद्या पिढीत नर एनओडीचा घ्यावा, नाहीतर वाय गुणसूत्र बी६चंच राहतं. मादी कायम बी६च्या वंशातली घेतली तर मायटोकॉन्ड्रियाचं तेच.

विवेक: मग ‘एकजनुकभिन्न वाण’ म्हणू या?

अनघा: नको, त्यात आश्वासन जास्त आहे. निवडलेल्या जागेच्या आजूबाजूचा मजकूरही सोबत येतो: दहा पिढ्यांनंतर सरासरी २० सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक), म्हणजे अंदाजे ४ कोटी बेस-जोड्या. त्यात शेकडो जनुकं मावतात. म्हणूनच तिसऱ्या गुणसूत्रावरची आयडीडी३ नावाची मधुमेहाशी जोडलेली जागा लहान-लहान खंडांचे वाण करून तपासली तेव्हा ती एकटी नव्हती. आयडीडी१०, १७, १८ जवळच निघाल्या. आयडीडी५ या अशाच दुसऱ्या जागेचेही पुढे तुकडे पडले, त्यातल्या एकात सीटीएलए४ हे जनुक आहे. एकट्या आयडीडी३च्या बी६ खंडाने मधुमेह बराच कमी होतो, आयडीडी५ची जोड दिली की जवळपास थांबतो. ‘एकखंडभिन्न’ चालेल, पण पहिल्यांदा वापरताना कंसात कॉन्जेनिक लिहाच.

विवेक: ‘वाण’ बियाण्याचा वाटतो.

श्रीरंग: वाटू द्या. बीटी कापसात बाहेरून आलेलं जनुक आपल्याकडच्या वाणांत असंच वारंवार संकर करून उतरवलं, त्यामुळे विदर्भातल्या शेतकऱ्याला ही पद्धत अनोळखी नाही. ‘प्रजाती’ मात्र लिहू नये; एनओडी आणि बी६ एकाच प्रजातीचे आहेत.

मृण्मयी: आणि नॉकआउट? तेही कॉन्जेनिकच ना?

अनघा: नॉकआउट म्हणजे जनुक बंद करणं, ते वेगळं. पण पूर्वी बहुतेक नॉकआउट १२९ नावाच्या उंदराच्या वाणाच्या पेशींत करून मग एनओडीत उतरवत. तेव्हा बंद जनुकाशेजारी १२९चा तुकडा राहतो आणि मधुमेह कमी झाला तर श्रेय कुणाचं ते ठरत नाही. नियंत्रण गट म्हणून बाहेरून आणलेला शुद्ध एनओडी न घेता त्याच वेतातली भावंडं घ्यावीत. कारण उंदीर ठेवायची जागा बदलली तरी आकडे बदलतात: एनओडी जितक्या स्वच्छ वातावरणात ठेवाल तितका मधुमेह जास्त, जंतुसंसर्ग झाला की कमी.

मृण्मयी: मथळ्यात ‘एनओडी.बी६-आयडीडी३’ असंही आहे. टिंब टायपिंगची चूक समजून काढणार होते.

श्रीरंग: काढू नका. टिंबाआधी ग्राहक, टिंबानंतर दाता, रेघेपुढे आणलेला खंड. टिंब गेलं की कोण कुणात बसवलंय तेच कळत नाही.