‘वल्कलचित्र’ की ‘सालचित्र’?

रानजाई
इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या क्लूगे-रूहे संग्रहालयावर लेख लिहिते आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची चित्रं, त्यातही योल्ङु लोकांनी युकॅलिप्टसच्या सालीवर काढलेली. मी ‘वल्कलचित्रं’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘सालचित्रं’ केलं, कारण वल्कल नेसायचं असतं. ते वाचून आईने विचारलं, “दरसालची चित्रं का?” काय ठेवू?

जुनापाचोळा
वल्कलच. मूळ शब्द ‘वल्क’, म्हणजे साल. सीतेमुळे तो वस्त्रापुरता उरला, हा दोष शब्दाचा नाही. वर्षाचं ‘साल’ फारसीतलं, झाडाची ‘साल’ हिंदीतल्या ‘छाल’ची बहीण. एरवी लिंगावरून कळतं, समासात ती सोय नाही.

दर्यावर्दी
आमचे आजोबा ऐनाची साल उकळून त्या काढ्यात जाळी रंगवायचे. तिला वल्कल म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. योल्ङु चित्रकार साल काढतात ती पावसाळ्यात, रस चढलेला असतो तेव्हा ती झाडावरून सहज सुटते. मग विस्तवावर शेकून, वजनं ठेवून सपाट करायची. इतक्या हातकामाच्या वस्तूला हातकामाचाच शब्द शोभतो. ‘सालीवरची चित्रं’ लिहा. समास झालाच पाहिजे असं कुठे आहे?

शेवंती
पण नुसती चित्रं म्हणूनही भागत नाही. 1963 साली उत्तर ऑस्ट्रेलियातल्या यिर्कला वस्तीच्या योल्ङुंनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या संसदेला अर्ज धाडले. मजकूर दोन भाषांत टंकलेला, सालीवर चिकटवलेला, भोवती रंगवलेली चौकट. म्हणजे जमिनीवरच्या हक्काचा दस्तऐवजच. ताम्रपट म्हणतो तसं ‘तरुपट’ का नको?

जुनापाचोळा
ताम्रपटातला पट ‘पट्ट’वरून, चित्रपटातला कापडाचा. तुमचा कोणता?

चंद्रपूरकर
साल जरा बाजूला ठेवा. मी गोंड आहे. ‘आदिवासी’ आम्ही अभिमानाने लावतो, कारण तो आमच्या लढ्यातून आलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या शेकडो भाषांच्या लोकांवर तो सरसकट घालताना थांबावंसं वाटतं. टॉरेस सामुद्रधुनीतले बेटवासी तर स्वतःला वेगळे मोजतात. योल्ङुंची चित्रं आहेत ना, मग योल्ङु लिहा.

शेवंती
‘मूलनिवासी’?

चंद्रपूरकर
त्याला इथलं निराळं राजकारण चिकटलं आहे. नको.

रानजाई
फक्त योल्ङु म्हणता येत नाही, 1971नंतर मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीच्या वाळवंटी भागातून सुरू झालेली अॅक्रिलिक चित्रंही संग्रहात आहेत. कॅन्ससमधले इंग्रजीचे प्राध्यापक एडवर्ड रूहे 1965मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले आणि सालीवरची चित्रं जमवू लागले. त्यांच्या पश्चात तो संग्रह 1993मध्ये उद्योगपती जॉन क्लूगे यांनी घेतला आणि आपल्या संग्रहासह 1997मध्ये विद्यापीठाला दिला. ही सगळी बाहेरून गोळा करणारी माणसं. 2022मध्ये अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजात सुरू झालेलं ‘मदायिन’ प्रदर्शन मात्र योल्ङुंनी स्वतः रचलं, नावही त्यांच्या भाषेतलं. माझा लेख खरा त्यासाठी आहे. ‘मदायिन’मध्ये पवित्र आणि सुंदर दोन्ही येतं. मराठीत असा एकच शब्द?

जुनापाचोळा
‘मंगल’. किंवा जरा जुनं, ‘सोज्वळ’.

शेवंती
मंगल म्हटलं की लग्नपत्रिका समोर येते. ‘सोवळं’ जवळचं वाटतं. काही चित्रं सगळ्यांनी पाहायची नसतात, ती मर्यादा त्यात येते.

चंद्रपूरकर
सोवळ्याच्या बाहेर कोण उभं राहिलं ते आम्हाला माहीत आहे. कृपा करून तो शब्द यांच्यावर लादू नका. ‘मदायिन’ तसंच ठेवा, एका ओळीत समजावून सांगा. वाचकाला एक नवा शब्द पेलतो.

दर्यावर्दी
अगदी बरोबर. आणि रंगांचं काय लिहिलंत? तांबड्या मातीला आमच्याकडे ‘काव’ म्हणतात, गोव्याच्या देवळांतली कावी कला त्याच रंगाची.

रानजाई
‘गेरू’ लिहिलंय. पिवळ्याला ‘हरताळ’.

जुनापाचोळा
हरताळ नव्हे! हरताळ विषारी खनिज, जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर फासायचे. ही माती आहे. पिवडी म्हणा.

शेवंती
पिवडी म्हणजे भिंतीला द्यायची ना? आमच्या घराला दर दिवाळीला चुन्यात कालवून द्यायचे. आम्ही मात्र ‘पेवडी’ म्हणायचो.

दर्यावर्दी
पेवडी नाही हो, पिवडीच. पिवळ्यावरून.